वाचकांचे प्रश्न : ‘सांगान काय उपेग?’

प्रश्न : वेंगुर्ले तालुक्यात आमचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना असून तेथे २४ महिला आणि ५ पुरुष काम करतात. दिवाळीला मी भेटवस्तू देतो, संक्रांतीला हळदीकुंकू होते, दारावर ‘आपला कारखाना, आपले कुटुंब’ अशी पाटीही लावली आहे. तुकडा (तुटलेला काजूगर) जास्त निघाला तर मजुरीतून थोडी कपात होते, पण तो रिवाजच आहे. तरीही वर्षभरात सात जणी काम सोडून गेल्या आणि बैठकीत कोणी तोंड उघडत नाही. वातावरण चांगले राहावे म्हणून आणखी काय करावे?
— एक कारखानदार

उत्तर : कपातीचा उल्लेख आपण ओघात केला आहे, पण माझ्या मते मेख तेथेच आहे. अख्खा गर निघणे एकट्या कापणाऱ्या बाईच्या हातात नसते. बी किती वाळली होती, किती वेळ वाफवली, वाफवल्यावर पुरती निवू दिली की घाईने कापायला घेतली आणि यंत्राचे पाते कसे होते, यांवर बरेच ठरते. पहिल्या पाच-दहा बिया कापताच काहीतरी बिनसले आहे हे तिला कळते. मात्र सुपरवायझरला सांगावे तर ‘तुलाच कापता येत नाही’ हे ऐकावे लागते आणि गप्प राहावे तर पैसे कापले जातात. मग एखादी बाई तुकडे टरफलांच्या ढिगात सारते. ‘सांगान काय उपेग?’ हाच आपल्या बैठकीतील शांततेचा अर्थ असावा.

हार्वर्ड विद्यापीठातील संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या गटांत नोंदलेल्या चुका कमी नव्हे, तर जास्त आढळल्या. तेथील माणसे चूक उघडपणे सांगत होती, हे त्याचे कारण त्यांना दिसले. टोयोटाच्या कारखान्यांत तर दोष दिसताच कामगाराने दोरी ओढावी आणि गरज पडल्यास काम थांबावे, अशी रीतच आहे. आपल्याकडे दोरी नको. रोज सकाळी प्रत्येक घाणीतील, म्हणजे एका वेळी वाफवलेल्या मालातील, अर्धा किलो बी आधी कापून पाहावी, तुकडा जास्त वाटल्यास थांबायला सांगण्याचा अधिकार कापणाऱ्या बाईला द्यावा आणि त्या खोळंब्याची मजुरी कापू नये. कपात मात्र आजच बंद करावी, कारण ती चालू असेपर्यंत हा अधिकार कोणी वापरणार नाही.

‘कुटुंब’ या शब्दाबद्दलही थोडे लिहितो. घरात कोणी कोणाची मेहनत काट्यावर तोलत नाही. आपल्याकडे बहुधा ती किलोवर तोलली जाते आणि त्यात गैर काही नाही, पण मग काटा सर्वांना दिसेल असा ठेवावा आणि वजन त्यांच्यासमोरच वहीत मांडावे. टरफलातील तेलाने बोटांची साल निघते. त्यासाठी लागणारे एरंडेल आणि हातमोजे कारखान्याने पुरवावेत. ते घरून आणावे लागत असतील, तर हळदीकुंकवाचे वाण कितीही चांगले असले तरी त्याचे कौतुक राहत नाही.

चवथीच्या आणि शिमग्याच्या रजेवरून दरवर्षी कुरबुर होत असेल. पाळ्या महिनाभर आधी त्यांनाच ठरवू द्याव्यात; कोणाच्या घरी पाच दिवसांचा गणपती आणि कोणाकडे दीड दिवसाचा, हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते.

आपल्याकडे दहापेक्षा जास्त माणसे असल्याने लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती बंधनकारक आहे. तिची अध्यक्ष महिला असावी, किमान निम्म्या सदस्य महिला असाव्यात आणि एक सदस्य बाहेरचा असावा. किलोवर किंवा हंगामापुरते काम करणाऱ्या महिलांनाही हे संरक्षण आहे. समिती नसेल तर ती आधी नेमावी.

पुढची बैठक आपल्या केबिनमध्ये न घेता कापणीच्या शेडमध्ये, चहाच्या वेळी घ्यावी. गेल्या हंगामात आपल्या हातून झालेली एखादी चूक, उदाहरणार्थ ओली बी घाईने खरेदी केल्याची, आपण स्वतः आधी सांगावी. पहिल्या खेपेला कोणी बोलणार नाही. दुसऱ्या खेपेला एखादी पात्याची तक्रार करील. ते पाते त्याच दिवशी बदलावे.