धुक्यात विमान टॅक्सी करताना जागेची शंका आली तर

जानेवारीत आपल्या ग्वाल्हेरला लष्कर या भागातून सकाळी आठ वाजताही किल्ला दिसत नाही, त्यामुळे धुके कसे असते हे आपल्याला सांगायला नको. आपण नुकतेच सहवैमानिक झाला आहात आणि आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: दृश्यमानता शंभर-दीडशे मीटर असताना चालण्याच्या गतीने टॅक्सी केली, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत नेले, तर ते पुरेसे आहे का, आणि वाट चुकल्याची शंका आपल्याला आली पण कमांडर, म्हणजे मुख्य वैमानिक, निःशंक दिसले तर काय करावे?

वेग कमी हवाच. धुक्यात कडेच्या खुणा दिसत नसल्यामुळे आपला वेग आहे त्यापेक्षा कमी वाटतो, म्हणून डोळ्यांवर न विसंबता ग्राउंड स्पीड, म्हणजे उपकरणावरचा जमिनीवरील वेग, पाहत राहावे. परंतु चुकीचे वळण संथपणे घेतले तरी ते चुकीचेच राहते. 8 ऑक्टोबर 2001 रोजी मिलानच्या लिनाते विमानतळावर एका छोट्या सेसना जेटला आर-5 या टॅक्सीवेने, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या वाटेने, जाण्यास सांगितले होते. ते आर-6 वर वळले आणि पेटलेल्या लाल दिव्यांची रांग ओलांडून धावपट्टीवर आले, जिथे एमडी-87 हे प्रवासी विमान उड्डाणासाठी धावत होते. 118 माणसे गेली. मला त्यातली एक गोष्ट फार अस्वस्थ करते: सेसनाच्या वैमानिकाने जमिनीवरील एक खूण रेडिओवर वाचून दाखवली होती, पण ती खूण नियंत्रकाला ठाऊक नव्हती आणि त्या दिवशी ग्राउंड रडारही चालू नव्हते. विमान कोठे आहे हे कळण्याची एक संधी तशीच निसटली.

म्हणून हलण्यापूर्वी मिळालेला मार्ग कागदावर लिहावा, नकाशावर बोटाने फिरवून पाहावा आणि कोणते वळण कितवे येणार हे दोघांनी मोठ्याने बोलून घ्यावे. चाके फिरत असताना चेकलिस्ट वाचू नये. कमी दृश्यमानतेसाठी सज्ज असलेल्या टॅक्सीवेच्या सरळ भागात मधले हिरवे दिवे साधारणपणे 15 मीटरवर असतात, तेव्हा पुढचे पाच दिवे दिसत असतील तर आपल्याला जेमतेम पाऊणशे मीटर दिसते आहे, हा ठोकताळा मला नेहमी उपयोगी पडला. लँडिंग लाइट लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते. टॅक्सी लाइटवरच भागवावे.

आता दुसरा प्रश्न, जो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मी सहवैमानिक असताना उत्तरेतील एका विमानतळावर, डिसेंबरच्या पहाटे, आम्हाला डावीकडचे दुसरे वळण सांगितले होते. मी चेकलिस्टमध्ये मान घालून बसलो होतो. वर पाहिले तर डाव्या खिडकीबाहेर एक काळी पाटी होती, तिच्यावरून दवाचे थेंब ओघळत होते आणि तिच्यावरचे पिवळे अक्षर माझ्या पॅडवर लिहिलेले नव्हते. कमांडर माझ्याहून पंधरा वर्षांनी ज्येष्ठ, म्हणून मी काही क्षण गप्प राहिलो. मग म्हणालो, “सर, ही पाटी आपली नाही.” त्यांनी त्याच क्षणी ब्रेक लावले आणि टॉवरला आम्ही थांबलो आहोत व जागेची खात्री नाही असे कळवले. थोड्या वेळाने पुढे राहून वाट दाखवणारी फॉलो-मी जीप आली आणि धुके किंचित विरळ झाले, तेव्हा समोर आळीपाळीने लुकलुकणारे दोन पिवळे दिवे दिसले. ते रनवे गार्ड लाइट होते, म्हणजे पुढे धावपट्टी आहे असा इशारा देणारे दिवे. मी गप्प राहिलो ते क्षण आजही मला बोचतात.

तेव्हा शंका आली की लगेच बोलावे, विमान थांबवावे, टॉवरला सांगावे आणि शेवटची खात्रीने वाचलेली पाटी कोणती ते कळवावे. कोणताही समंजस कमांडर यावर रागावत नाही. जो रागावेल त्याच्यासमोर तर हे बोलणे अधिकच आवश्यक आहे. याला एक अपवाद आहे. आपण धावपट्टीवरच असल्याची शंका असेल तर नुसते थांबून राहू नये. तत्काळ टॉवरला कळवावे आणि बाहेरची वाट दिसत असेल तर धावपट्टी मोकळी करावी. 1977 साली स्पेनच्या तेनेरीफ बेटावर पॅन अ‍ॅम कंपनीचे बोइंग 747 सांगितलेल्या तिसऱ्या वळणावर न वळता धुक्यात धावपट्टीवरूनच पुढे जात होते, तेव्हा समोरून केएलएमचे 747 उड्डाणासाठी सुटले आणि 583 जण दगावले. केएलएमला उड्डाणाची परवानगी मिळालेली नव्हती, हे खरे. पण धावपट्टीवरचा प्रत्येक जास्तीचा सेकंद धोक्याचाच असतो.

लाल स्टॉप बार, म्हणजे थांबण्याची खूण असलेली आडवी लाल दिव्यांची रांग, पेटलेला असेल तर तोंडी परवानगी मिळाली तरी तो ओलांडू नये, पुन्हा विचारावे. आणि लाइन-अप झाल्यावर, म्हणजे उड्डाणासाठी धावपट्टीवर सरळ उभे राहिल्यावर, कंपासवरील दिशा धावपट्टीच्या क्रमांकाशी ताडून पाहावी व मधले दिवे पांढरे आहेत ना हे पाहावे. 2000 साली तैपेईत सिंगापूर एअरलाइन्सचे 747 ज्या बंद धावपट्टीवर वळले, तिच्या मधले दिवे हिरवे होते.