दुपारची मालिका आणि दारापाशी बसणारी काकू

प्रश्न : माझे वय बेचाळीस. माझे बालपण सांगलीजवळच्या आमच्या एकत्र कुटुंबात गेले. शाळा सकाळची असल्यामुळे दुपारी मी घरी असे आणि आजी, आई व धाकटी काकू यांच्यासोबत दूरदर्शनवर आधी ‘शांती’, मग ‘स्वाभिमान’ आणि पुढे ‘दामिनी’ पाहत असे. आजी आरामखुर्चीत, आई पलंगाच्या कडेला, काकू स्वयंपाकघराच्या दारापाशी आणि मी सर्वांच्या मध्ये, अशा आमच्या जागा ठरलेल्या होत्या. काकू फार गमतीदार बोलायची. दामिनी पडद्यावर आली की म्हणायची, “हिचं बरंय, पर्स उचलली की निघाली!” आणि आम्ही सगळ्या हसायचो. आजी गेल्यावर घराच्या वाटणीवरून आई आणि काकू यांच्यात अबोला धरला गेला, तो अद्याप सुटलेला नाही. हल्ली रात्री मी फोनवर त्या मालिकांची शीर्षकगीते शोधून ऐकते आणि मला रडू येते. नवरा हसतो. काकूला फोन करून त्या दिवसांची आठवण करून द्यावी आणि त्या निमित्ताने दोघींना पुन्हा जवळ आणावे, असे वाटते. पण हा आईशी द्रोह तर होणार नाही ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या यजमानांचा प्रश्न आधी निकालात काढू. त्यांना हसू द्यावे. ज्या वेळी त्या मालिका लागत त्या वेळी घरोघरचे पुरुष कचेरीत किंवा शेतावर असत, त्यामुळे त्या बैठकीत काय चाले याची त्यांना कल्पना नसणे स्वाभाविक आहे. शीर्षकगीत ऐकून डोळे भरून येण्यात कमीपणा वाटण्यासारखे काही नाही.

आता मुख्य विषयाकडे येते. १९८४ साली ‘हम लोग’ सुरू झाली तेव्हा घरात मालिका पाहणे हा रात्रीचा आणि सगळ्यांचा कार्यक्रम होता. संच कधी लावायचा, आवाज किती ठेवायचा, हे बहुधा घरातला कर्ता पुरुष ठरवी आणि बायका जेवणाची ताटे उचलता उचलता जमेल तेवढे पाहत. १९९४ मध्ये ‘शांती’ आणि त्याच्या पुढच्या वर्षी ‘स्वाभिमान’ आली, त्या दुपारच्या वेळी आणि रोजच्या. मागचे आवरून झाल्यावर आणि संध्याकाळच्या चहापूर्वी जी काय थोडी सवड असते, ती प्रथमच दूरदर्शनने घरातल्या बायकांसाठी गृहीत धरली. अर्थात त्या सवडीतही नुसते हातावर हात ठेवून टीव्ही पाहणे सुनेला शोभत नाही, असा दंडक बहुतेक घरांत होताच. म्हणून कुणाच्या मांडीवर तांदळाचे सूप असे, कुणी वाती वळी, कुणी लसूण सोली. नजर पडद्यावर आणि बोटे तांदळात, तरीही खडा बरोबर बोटाला लागे, हे कसब त्या पिढीचे होते. जाहिराती लागल्या की सूप पाखडून घेतले जाई आणि कुणीतरी एकजण चहाचे आधण ठेवायला उठे.

ते ‘कुणीतरी’ तुमच्या घरात कोण होते, याचे उत्तर तुम्ही नकळत पत्रातच दिलेले आहे. चौघींच्या जागा ठरलेल्या होत्या असे तुम्ही मोठ्या मायेने लिहिता. पण त्या जागा ठरवल्या कुणी? आरामखुर्ची सासूची, पलंग थोरल्या सुनेचा आणि स्वयंपाकघराचे दार धाकटीचे, हा क्रम मालिकेच्या सोयीने पडलेला नाही. दूध उतू जायच्या आत उठावे लागणारी व्यक्तीच दारापाशी बसते. त्यामुळे तुम्ही पाहिले तेवढे भाग तुमच्या काकूंनी सलग पाहिले असतील, असे मला वाटत नाही. चहाचे कप घेऊन परत आल्यावर “काय झालं गं मघाशी?” असे विचारण्यातच त्यांची अर्धी मालिका गेली असावी.

त्यांच्या त्या विनोदाकडेही पुन्हा एकदा पाहा. ‘शांती’ची नायिका पत्रकार होती आणि आईवर झालेल्या अन्यायाचा छडा लावायला निघालेली होती, प्रतीक्षा लोणकर यांनी साकारलेली दामिनीही पत्रकारच. घराबाहेर काम असलेल्या, कुणाला विचारावे न लागता उंबरा ओलांडणाऱ्या या बायका रोज दुपारी तुमच्या माजघरात येत होत्या आणि दारापाशी बसलेली एक तरुण सून म्हणत होती, “हिचं बरंय.” तुम्ही हसलात, कारण तुम्ही लहान होता. तुमची आई मनापासून हसली असेल का, याविषयी मला शंका आहे. काकूंना नोकरी करायची होती की शिकायचे होते, की नुसतेच त्या दुपारी बाहेर कुठेतरी जायचे होते, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. विचारण्याजोगे मात्र ते नक्कीच आहे.

त्या तासाभरात तुमच्या घरात मालिकेच्या आडून फार मोठे बोलणे चालत असणार. सासूच्या समोर सासूविषयी बोलता येत नाही, पण पडद्यावरच्या खाष्ट बाईला “माणसाने इतकंही कठोर असू नये” असे म्हणता येते आणि त्यावर आरामखुर्चीतून “तिची बाजूही बघा जरा” असे उत्तरही येऊ शकते. कुणाचे नाव न घेता प्रत्येकीला आपले म्हणणे मांडता येई आणि कुणाला लागलेच तर “मी मालिकेबद्दल बोलत होते” अशी पळवाट शिल्लक राही. पुढे केबल आली, १९९९ मध्ये अल्फा मराठी वाहिनी आणि तिच्यावरची ‘आभाळमाया’ आली, आणि मालिकांची मुख्य वेळ पुन्हा रात्रीकडे सरकली, तेव्हा पुरुष, मुले आणि जेवणाची घाई या सगळ्यांमध्ये तसे आडून बोलणे जमेनासे झाले. (आताच्या नायिका तर पोळ्या लाटतानाही जरीची साडी नेसतात, त्यांच्याविषयी बोलून कुणाचे मन हलके होत असेल, असे मला वाटत नाही.) वाटणीचा वाद उभा राहिला तेव्हा तुमच्या आईला आणि काकूंना एकमेकींशी जे काही बोलायचे होते, ते थेटच बोलावे लागले. तिसऱ्या कुणाच्या नावावर ते खपवायची सोय राहिली नव्हती, आणि “तिची बाजूही बघा” म्हणणारी आजीही नव्हती.

काकूंना फोन अवश्य करा. परंतु दोघींना एकत्र आणण्याचा बेत त्यात मिसळू नका. अबोला त्या दोघींचा आहे आणि तो कसा पडला यातले तुम्हाला ठाऊक आहे ते एकाच बाजूचे आहे. “ते दिवस किती छान होते नाही!” अशी सुरुवात केलीत तर काकूंना एक तर हो म्हणावे लागेल किंवा गप्प बसावे लागेल, आणि दोन्ही त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. त्यापेक्षा प्रश्न विचारा. दामिनीबद्दल त्या तसे का म्हणायच्या, त्या दुपारी त्यांना कशा वाटायच्या, याचे त्यांच्या मनात असेल ते उत्तर येऊ द्या. ते गोड असेल याची खात्री नाही. “मला कुठं बघायला मिळायची गं मालिका,” असे त्या म्हणाल्या तर “नाही काकू, तू तर आमच्यासोबत असायचीस,” असे म्हणून त्यांची आठवण दुरुस्त करायला जाऊ नका. तुमच्या बालपणाची गोडी त्यामुळे कमी होणार नाही. तेवढ्या चहाच्या कपांमागे कुणाचे तरी उठणे होते, एवढी नोंद मात्र तिच्यात होईल. वाटणीचा विषय निघाला तर तो ऐकून घ्या आणि तिथेच ठेवा. आईने स्वतः म्हटलेले नसेल तर “आईलाही तुझी आठवण येते” हे वाक्य, कितीही मोह झाला तरी, तोंडातून काढू नका.

द्रोहाचे म्हणाल, तर ज्या बाईने तुम्हाला लहानाचे मोठे करायला हातभार लावला तिची विचारपूस करणे हा द्रोह नव्हे. तिकडचे बोलणे इकडे आणि इकडचे तिकडे नेलेत तर मात्र तो होईल. फोन करण्यापूर्वी आईला स्पष्ट सांगा : “मी काकूशी बोलणार आहे, मला तिच्याशी बोलायचं आहे म्हणून.” परवानगी मागू नका आणि तिने तोंड फिरवले तर समजावतही बसू नका. नंतर दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा आधी तुमच्याकडून कळलेले तिला कमी लागेल.

आणखी एक गोष्ट मला तुमच्या पत्रात खटकली. काकूंचे बोलणे तुम्हाला शब्दशः आठवते, आजीची आरामखुर्ची आठवते, पण आईबद्दल ती पलंगाच्या कडेला बसायची यापलीकडे तुम्ही काही लिहिलेले नाही. ती कुणाची बाजू घ्यायची? तिच्या हातात काय काम असायचे? कडेलाच का बसायची, तिलाही उठावे लागायचे म्हणून का? त्या बैठकीतली ही एक बाई अजून तुमच्या रोजच्या संपर्कात आहे आणि रात्री फोनवर गाणी शोधताना तिलाच विचारायचे तुम्ही विसरला आहात. रात्रीचे भाग हल्ली दुपारी पुन्हा दाखवतात. तेव्हा एखाद्या शनिवारी दुपारी आईकडे जा, तिची सध्या जी मालिका चालू असेल ती तुम्हाला कितीही कंटाळवाणी वाटली तरी नावे न ठेवता तिच्याशेजारी बसून पाहा आणि जाहिराती लागल्या की चहा ठेवायला तुम्ही उठा. काकूंना फोन रविवारी केला तरी चालेल.