कोविड काळातील घरगुती वस्तू आणि आठवणी पुढच्या पिढ्यांसाठी कशा जतन कराव्यात?

वस्तूइतकीच तिची हकीकत जपावी; जिल्हाबंदीतला ई-पास किंवा घरी शिवलेला कापडी मास्क कोणाचा, कोणत्या गावचा आणि कोणत्या महिन्यातला, हे नोंदलेले नसेल तर उद्याच्या अभ्यासकाला त्याचा फारसा उपयोग होत नाही. १८९७ च्या पुण्यातील प्लेगविषयी सरकारी अहवाल आणि वृत्तपत्रे उपलब्ध आहेत. घरझडती सोसलेल्या सामान्य बायकांचे स्वतःचे शब्द मात्र फार थोडे उरले आहेत, आणि ही उणीव मला अतिशय खटकते. म्हणून घरकामगार, आशा सेविका आणि पायी गावी परतलेले मजूर यांच्या आठवणी त्यांच्या संमतीने, त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित कराव्यात. औषधांच्या थर्मल पावत्यांवरील अक्षरे काही वर्षांत पुसट होतात, तेव्हा त्यांची छायाचित्रे आजच काढून ठेवावीत.