गार्टर सापाला गोल्डफिश नको

प्रश्न : आम्ही मिशिगनमध्ये राहतो. मुलाने दोन गार्टर साप पाळलेत. दुकानदाराने सांगितलं म्हणून त्यांना गोल्डफिशच देतो. हल्ली एक साप मान वाकडी करून वर बघत राहतो, मध्येच थरथरतो. घर शाकाहारी, त्यामुळे फ्रीझरमध्ये उंदीर ठेवायला सासूबाईंचा ठाम नकार आहे. काय खायला घालू?

उत्तर : ताई, गोल्डफिश आजच बंद करा आणि त्या सापाला लगेच सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या. गोल्डफिशमध्ये थायमिनेज असतं. ते ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करतं आणि सापाच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो. मासा गोठवून दिला तरी थायमिनेज शाबूत राहतं. दुकानात मिळणारे ‘रोझी रेड’ मासेही याच कारणासाठी टाळा. असा साप तपासायला आला की मी त्याला हळूच उताणा करते. धडधाकट साप क्षणात सुलटा होतो. याला पोट खाली घेताच येत नाही, नुसता पिळवटत राहतो. वेळेवर ब-१ची इंजेक्शनं मिळाली तर बरेच साप सावरतात, म्हणून उद्यावर ढकलू नका.

आता सासूबाईंचं. उंदराचं पिल्लू हे परिपूर्ण अन्न, हे खरं. पण गार्टर साप रानातही मुख्यतः गांडुळं, बेडूक आणि लहान मासेच खातात. तेव्हा त्यांचा शब्द मोडायची गरज नाही. तुमच्याकडे गळाचं आमिष विकणाऱ्या दुकानांत नाइटक्रॉलर गांडुळं मिळतात, ती धुऊन, तुकडे करून द्या. कंपोस्टमधली तांबडी गांडुळं मात्र अजिबात नकोत. त्यांच्या अंगातून सुटणारा पिवळा द्रव सापांना बाधतो. अधूनमधून अख्खे गप्पी मासे द्या, काट्यांसकट गेले की कॅल्शियमही मिळतं. ट्राउटचे तुकडे चालतील, पण नुसत्या मांसावर आणि गांडुळांवर कॅल्शियमची पूड भुरभुरायला विसरू नका. बागेतले बेडूक पकडून घालू नका, त्यांच्यातून जंत येतात.

पिल्लं असतील तर दोन-तीन दिवसांनी, मोठ्यांना आठवड्यातून एकदा पुरे. आणि दोघांना वेगवेगळ्या डब्यांत खाऊ घाला. एकच गांडूळ दोन्ही टोकांनी धरलं, तर गिळता गिळता एक साप दुसऱ्याचं डोकंही गिळू लागतो.