गाडीने एअर धरलीय, काढायची कशी?

प्रश्न : आमची 2013 ची डिझेल गाडी आहे. महिन्यापूर्वी वॉटर पंप गळायला लागला म्हणून बदलून घेतला, मेस्त्रीने रेडिएटर भरला आणि झालं म्हणाला. गावात फिरताना काही त्रास नाही पण चाळीसगावच्या पुढे कन्नडचा घाट लागला की टेम्परेचरचा काटा एकदम वर जातो, मग दोन मिनिटात आपोआप खाली येतो, आणि डॅशबोर्डच्या आतून गुडगुड आवाज येतो. मेस्त्री म्हणतो थर्मोस्टॅट व्हॉल्व काढून टाकू, गाडी परत गरमच होणार नाही. काढू का?
– एक वाचक, भडगाव

उत्तर : व्हॉल्व राहू द्या भो जिथे आहे तिथेच, इंजिन तापलं की पाणी रेडिएटरला सोडायचं काम तोच करतो. तो काढला की इंजिन लवकर तापत नाही, डिझेल जास्त खातं, आणि काही इंजिनात तर पाणी रेडिएटरला न जाता बायपासनेच फिरत राहतं म्हणजे घाटात उलट जास्तच तापणार. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून गाडीने एअर धरलेली दिसते, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात हवा अडकलीय. गुडगुड आवाज म्हणजे हिटरच्या कोअरमधून (डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर) पाण्याबरोबर हवा फिरतेय, आणि काटा वरखाली होतो कारण सेन्सरला कधी पाणी लागतं तर कधी नुसती गरम वाफ.

आता गंमत बघा, आपल्याकडे हिटर लावतो कोण? मे महिन्यात 45 डिग्रीत माणूस एसीची जाळी तोंडाकडे फिरवून बसतो. त्यामुळे पाणी भरताना हिटर चालू करायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही, आणि बऱ्याच गाड्यांत हिटरचा व्हॉल्व बंद असला की तिथली हवा तिथेच अडकून राहते.

काम सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना करा. गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही, आत साधारण एक बार प्रेशर असतं, त्यामुळे पाणी 120 डिग्रीपर्यंत न उकळता दबून बसलेलं असतं आणि झाकण सुटलं की सरळ तोंडावर येतं. गाडीचं तोंड चढाला करून लावा, गिरणाकाठच्या सपाटीत चढ सापडत नसेल तर पाटाच्या भरावाचा रस्ता बघा. हँडब्रेक ओढा, चाकामागे दगड लावा. हिटरचा नॉब फुल गरमवर, फॅन एकवर, एसी बंद. मग झाकण उघडून कूलंट हळूहळू ओता, घाई केली की हवा खालीच दबते. थर्मोस्टॅटजवळ किंवा हिटरच्या पाइपवर ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) असेल तर तो ढिला करा, बुडबुडे संपून सलग धार आली की आवळा. काही गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं, बॉटललाच असतं, तिथे बॉटलमधूनच भरायचं.

आता झाकण उघडंच ठेवून गाडी चालू करा, आयडलला ठेवा, रेस करू नका. वरचा जाड पाइप मधूनमधून दाबत राहा, बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल तसं भरत जा. थर्मोस्टॅट व्हॉल्व उघडला की (बहुतेक गाड्यांत 80 ते 90 डिग्रीच्या मध्ये) पातळी एकदम खाली बसते, घाबरायचं नाही, भरायचं आणि झाकण लावायचं. रेडिएटरचा फॅन दोनदा चालू-बंद झाला आणि हिटरमधून एकसारखी गरम हवा आली की समजा एअर निघाली. संध्याकाळी थंड झाल्यावर पातळी परत बघा, पुढचे दोन-तीन दिवसही बघाच.

मेस्त्रीने बोअरचं पाणी भरलं असेल तर ते आधी काढून टाका, क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या चोंदतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे घ्या. काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका, ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्रं किंवा वासरू चाटेल.

एवढं करूनही बुडबुडे थांबतच नसतील, बॉटल रोज कमी होत असेल, सायलेन्सरमधून पांढरा धूर किंवा ऑइल दुधाळ दिसत असेल तर मात्र बहुतेक हेड गॅसकेट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्या मधलं पॅकिंग) गेलंय, तिथे एअर काढत बसून उपयोग नाही, हेड उघडावं लागेल आणि तोवर गाडी घाटात नेऊ नका.