मोरपंखी की मोहरी?

प्रश्न : आमच्या 10 बाय 12 फुटांच्या बैठकीला पश्चिमेला एकच खिडकी आहे. भिंतींना मला मोरपंखी रंग आवडतो, घरच्यांना मोहरीसारखा पिवळा. दोन्ही लावावेत का? — वाचक, बीड

उत्तर : लावा, पण निम्मे-निम्मे नको. एकाला भिंत, दुसऱ्याला पडदे आणि उशांचे अभ्रे. भिंत मोरपंखीला द्यावी, असं आमचं मत. आपल्याकडे चारनंतरचं ऊन पश्चिमेच्या खिडकीतून थेट घरात शिरतं. त्यात मोहरी नारिंगीकडे झुकते आणि एप्रिल-मेमध्ये खोली आहे त्याहून उकाड्याची वाटते. मोरपंखी फार तर थोडा हिरवट दिसेल. रात्री मात्र 3000 केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचं माप) पिवळ्या दिव्यात तो काळपट पडतो. 4000 केल्विनचा, कमी पिवळा दिवा लावा.

रंगवायची ती खिडकीसमोरची भिंत. बाजूच्या भिंतींवर ऊन तिरकं पडतं, गडद रंगात पुट्टीचा प्रत्येक उंचवटा उघडा पडतो. खिडकीच्याच भिंतीवर लावला तर उजेडाशेजारी तो काळा भासतो.

समोरची भिंत 12 फूट रुंद आणि 10 फूट उंच धरली तर 120 चौरस फूट. दोन हातांना साधारण 1 लिटर इमल्शन लागतं. पण गडद शेडच्या बेसमध्ये (दुकानात ज्यात रंगछटा मिसळतात त्या मूळ रंगात) पांढरं रंगद्रव्य कमी असतं, खालचं नीट झाकलं जात नाही, तिसरा हात द्यावाच लागतो. म्हणून 1 लिटरचे दोन डबे एकदमच घ्या आणि बादलीत एकत्र ढवळा. मागून आणलेल्या डब्याची शेड जुळेलच असं नाही. उरलेल्या भिंतींना किंचित पिवळसर पांढरा. ट्यूबलाइटसारखा शुभ्र नको, मोरपंखी अंगावर येतो.

शेडकार्डावरून ठरवू नका. दोन्ही रंग 2 बाय 2 फुटांच्या वेगवेगळ्या पुठ्ठ्यांवर दोन हात मारून सकाळी, चार वाजता आणि रात्री दिव्यात पाहा. पुठ्ठे चिकटून ठेवू नका, शेजारी आले की दोन्ही रंग आहेत त्याहून भडक दिसतात.

उन्हाळ्यात काम सकाळी उरका आणि पंखा बंद ठेवा. नाहीतर रोलरची पुढची पट्टी ओढेपर्यंत आधीची सुकते आणि जोड दिसतो. रंगात बोअरचं जड पाणी नको, पिण्याचं घाला.

प्रश्न : दोन रंगांच्या सीमेवर टेप लावूनही रेघ फाटते. — वाचक, लातूर

उत्तर : टेप लावल्यावर आधी तिच्या कडेवर खालचा फिकट रंगच फिरवा, सुकू द्या, मग गडद मारा. फट भरते ती फिकट रंगाने, त्यामुळे गडद आत झिरपत नाही. शेवटचा हात ओलसर असतानाच टेप स्वतःकडे तिरकी ओढून काढा. पूर्ण सुकल्यावर ओढली तर रंगाची साल निघते.