कोरडवाहू बाजरी एक फुटावर पेरावी की दीड फुटावर? खत वाढवलं तर उतारा (एकरी उत्पादन) वाढतो का?

तुमचं रान पारनेरकडचं, हलकं ते मध्यम, आणि सगळी मदार पावसावर. शेजारी फूटभरावर तासं (पेरणीच्या ओळी) धरतात, कृषी सहायक दीड फूट सांगतात आणि दुकानदार म्हणतो एक बॅग जादा टाका. मी तुमच्या जागी असतो तर दीड फुटावर पेरली असती, खत शिफारशीएवढंच दिलं असतं आणि सगळी अक्कल युरियाच्या दुसऱ्या हप्त्यात वापरली असती.

आधी अंतर. दोन तासांतलं अंतर आणि एकरातली ताटांची (रोपांची) संख्या या वेगळ्या गोष्टी आहेत, बोलताना त्यांची सर्रास गल्लत होते. 45 × 15 सें.मी. वर एकरी साधारण 60 हजार ताटं बसतात. 30 × 15 वर 90 हजार. पण 30 × 22.5 वर पुन्हा 60 हजारच! म्हणजे तासं जवळ घेऊन विरळणी (जादा रोपं उपटणं) नीट केली तर गर्दी होत नाही. अडचण अशी की बाजरीची विरळणी करायला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. मग रान दाट राहतं, ताटं काडीसारखी सरळ वर जातात, फुटवा (बुडातून फुटणारं जादा ताट) धरत नाही आणि कणीस करंगळीएवढं निघतं.

बांधाकडेचं तास कधी निरखून पाहिलंय? तिथल्या ताटाला चार-पाच फुटवे, धाट जाड, कणीस भरलेलं. ते पाहून पुष्कळ जण ठरवतात की पुढच्या वर्षी दोन फुटांवर पेरायची. त्या ताटाला एका बाजूनं बांधाची ओल आणि उजेड फुकट मिळतो, आख्ख्या रानाला तो हिशेब लावता येत नाही. शिवाय फुटव्यांवर फार भिस्त ठेवू नये. फुटव्याचं कणीस मागून निसवतं (पानांतून बाहेर पडतं). मुख्य कणीस काढणीला येतं तेव्हा ते चिकात (दाणा दुधाळ) असतं, आणि पाखरं तर तयारच असतात.

दीड फुटाचा खरा फायदा ओलीचा आहे. दाट पीक सुरुवातीला हिरवंगार दिसतं, पण जमिनीतली ओल लवकर ओढून घेतं. ऑगस्टात पावसाचा खंड पडला आणि नेमकी बाजरी फुलोऱ्यात असली की दाणा भरत नाही. त्यात दीड फुटाच्या तासातून बैलाचं कोळपं (तासांमधलं तण काढणारं अवजार) आरामात फिरतं. तण जातं, वरचा थर मोकळा होतो, भेगा बुजतात. खंडाच्या दिवसांत एक कोळपणी कुठल्याही बॅगेपेक्षा जास्त कामाला येते, हे माझं ठाम मत आहे. पाण्याखालच्या उन्हाळी बाजरीची गोष्ट वेगळी, तिथे एक फूट चालतं आणि खतही जास्त पचतं.

आता खत. मध्यम जमिनीत कोरडवाहू बाजरीला हेक्टरी साधारण 50 किलो नत्र, 25 स्फुरद, 25 पालाश सांगतात. हलक्या जमिनीत 40:20:20. मध्यम जमिनीचा हिशेब एकरावर आणला तर 20:10:10. पेरताना 10:26:26 (10 टक्के नत्र, 26 स्फुरद, 26 पालाश असलेलं मिश्र खत) चे 38-40 किलो आणि युरिया 13 किलो, पुढे 25-30 दिवसांनी युरिया 22 किलो. झालं. स्फुरद जमिनीत फारसा हलत नाही, म्हणून तो फेकू नका, पाभरीनं (पेरणीच्या अवजारानं) बियाण्याच्या खाली-शेजारी पाडा. युरिया मात्र बियाण्याला चिकटून पडू देऊ नका, उगवण मार खाते.

दुसऱ्या हप्त्याला तारीख बघू नका, वापसा (चिखल नाही पण ओल आहे अशी स्थिती) बघा. कणसात किती दाणे धरायचे हे पीक साधारण महिन्याचं होईपर्यंत बरंचसं ठरून जातं, म्हणून तेव्हा नत्र लागतंच. पण मातीवर फेकून उघड्या राहिलेल्या युरियातलं बरंच नत्र हवेत उडून जातं, आणि आपली चुनखडीची रानं त्याला आणखी हातभार लावतात. तण काढून, विरळणी उरकून, पाऊस पडून गेल्यावर द्या आणि लगेच कोळपं घाला. पाऊस आलाच नाही तर तो हप्ता घरात राहू द्या. खालची पानं शेंड्याकडून मधल्या शिरेनं पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे. पाणी साचूनही पीक पिवळं पडतं, तेव्हा आधी चर काढा.

जादा बॅगेनं काय होईल? पाऊस चांगला झाला तर पाला माजेल, ताटं उंच होऊन वाऱ्यात लोळतील. पाऊस कमी झाला तर जास्तीचं खत वायाच. जनावरं असतील आणि सरमाडच (बाजरीचा वाळलेला चारा) जास्त हवं असेल तर थोडं दाट पेरणं समजू शकतो, पण मग धान्याचा उतारा घटला म्हणून कुरकुर नको.

शेत सगळं बाजरीखालीच ठेवायचं नसेल तर बाजरीची दोन तासं आणि तुरीचं एक, असं करून पाहा. बाजरी निघाल्यावर तूर एकटी राहते आणि परतीचा पाऊस तिच्या कामी येतो.